पायात सापडलेल्या पुतळ्या आणि वाया गेलेले आठ महिने

प्रश्न: कोकणातलं जुनं घर पाडून नवा पाया खणताना एका मजुराला तांब्याच्या गडूत सोन्याच्या नऊ पुतळ्या, म्हणजे जुनी नाणी, सापडल्या. त्याला पाच हजार रुपये देऊन गप्प राहायला सांगितलं. या गोष्टीला आठ महिने झाले. सराफ म्हणतात, एक पुतळी व्हेनिसची अस्सल, बार्बारिगोच्या काळातली आहे. संग्राहक किती देतील? लंडनचा पुतण्या ती तिथल्या लिलावात लावायची म्हणतोय.

उत्तर: सोनं सापडलं की आधी भाव विचारायचा आणि वकील शेवटी गाठायचा, अशी पत्रं नेहमीच येतात. तुमच्या पत्रात सगळं अडलंय ते त्या आठ महिन्यांवर.

भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 मधलं कलम 4 वाचा. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने होईल तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. कळवलं नाही तर कलम 20 लागतं: सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्याला साथ देणाऱ्या जागामालकाचाही हिस्सा कलम 21 खाली जातो, आणि कैद सहा महिन्यांपर्यंत.

पहार मजुराच्या हातात होती, म्हणजे सापडणारा तो. तुमच्यासाठी खणत होता, असा वाद घालता येईल, पण त्या भरवशावर राहू नका. धन बेवारस ठरलं आणि तुमच्यात आधीचा करार नसेल, तर तीन चतुर्थांश त्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. ते पाच हजार म्हणजे करार नव्हे. उद्या तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल. त्या माणसाला त्याचा हक्क आज स्पष्ट सांगा.

याच आठवड्यात अर्ज द्या. त्यात सापडल्याची खरी तारीख, जागा, नऊ नाण्यांचं वेगवेगळं वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, अंदाजे किंमत आणि उशिराचं खरं कारण लिहा. मजुराची सही घ्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सराफाकडची पुतळी आधी परत आणा. तिला पॉलिश नको, कडी डाखणं तर नकोच. जिल्हाधिकारी आठ महिने पोटात घालतील का, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण पोलीस दारात येण्याआधी दिलेला अर्ज आणि नंतर दिलेला अर्ज यांत फार फरक पडतो.

पुढे जाहीर सूचना निघते आणि सुनावणी तिच्यानंतर चार ते सहा महिन्यांनी. आजोबांनीच पुरलं होतं म्हणायचं असेल, तर शंभर वर्षांच्या आतलं आहे हे दाखवावं लागेल आणि दिवाणी दावाही लावावा लागेल. कागद नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. तारखांतच वर्षं जातात.

आता किंमत. दुकातीवर, म्हणजे व्हेनिसच्या या सोन्याच्या नाण्यावर, साल नसतं. सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेल्या दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, नावावरून काळ ठरतो. बार्बारिगो दोन होऊन गेले. ऑगस्टिनो 1486 ते 1501 गादीवर होता. त्याचा भाऊ मार्को 1485-86 मध्ये वर्षभरही टिकला नाही, म्हणून त्याचं नाणं दुर्मीळ. तेव्हा आडनावावर समाधान मानू नका, आधीची अक्षरं भिंगाखाली वाचा. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास हवं. अक्षरं अर्थहीन, वेडीवाकडी असतील तर ती बहुधा इकडेच पाडलेली नक्कल. बाकीच्या आठ तशा असू शकतील.

मात्र कलम 16 प्रमाणे जिल्हाधिकारी हे धन सरकारसाठी घेऊ शकतात, आणि मोबदला मिळतो नुसत्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. नाणं मार्कोचं असो की ऑगस्टिनोचं, हिशेब तोच. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा आज असा आहे.

पुतण्याला मात्र आजच नाही म्हणा. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. नेलं तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, आणि दंड वेगळा.