आठ डिस्कचा सर्व्हर आणि पाच महिने पावसाचे

गुहागरच्या एका छायाचित्रकार वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, घरात बायको, तीन वर्षांची मुलगी आणि आई. नोव्हेंबर ते मे या लग्नसराईत ३५च्या आसपास लग्नं करतात, मधूनमधून होमस्टेवाल्यांसाठी ड्रोनचं शूटिंग. सगळा खर्च वजा जाता वर्षाला साडेसात लाख हाती राहतात. २०१७ पासूनचं फुटेज १४ एक्स्टर्नल डिस्कवर आहे, एकूण २२ टीबी, आणि या सगळ्या डिस्क बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर सिलिका जेलच्या पुड्या टाकून. मार्चमध्ये त्यातली एक टक्-टक् करायला लागली आणि गेली. एका हळदीचं अर्धं शूटिंग तिच्याबरोबर गेलं. पार्टीला २५ हजार परत द्यावे लागले, आणि गावात चर्चा झाली ती वेगळीच.

आता त्यांना घरी आठ डिस्कचा स्टोरेज सर्व्हर बांधायचा आहे. दुकानदाराचा हिशेब असा: १२ टीबीच्या आठ डिस्क, २६ हजारांना एक, म्हणजे २,०८,०००, कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून १,१०,०००, यूपीएस २२,०००. एकूण ३,४०,०००. हाताशी बचत १,१०,००० (यंदा नवा कॅमेरा घेतला म्हणून एवढीच), पार्ट्यांकडून येणं ९०,०००, आणि पतसंस्थेत ४ लाखांची मुदत ठेव, ती पुढच्या मार्चला पिकते. घरखर्च महिन्याला ३२ हजार. कर्ज नाही. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "ठेव मोडू, की १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ?"

दोन्ही नको. पण तुमची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. पत्र्याचा डबा ही व्यवस्था नव्हेच.

आधी कर्जाचं बघू, ते पटकन संपतं. ३,४०,००० वर १४ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता ११,६०० च्या घरात जातो, आणि व्याजाचे म्हणून ७८ हजार वर जातात. हे परवडण्यासारखं वाटेल, पण हप्ता बारा महिने येतो आणि मुहूर्त सातच महिने. जूनपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्याकडे गणपतीतल्या दोन-चार ऑर्डरी सोडल्या तर काय असतं? त्या पाच महिन्यांचा घरखर्चच १,६०,००० होतो. बचत आणि येणं मिळून तुमच्याकडे २ लाख आहेत. म्हणजे आज तुमच्याकडे खऱ्या अर्थाने मोकळे पैसे ४० हजार. बाकीचे पावसाळ्याचे आहेत, ते तुमचे नाहीत असंच समजा. आपल्याकडे मेमध्ये आगोटीला तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतात आणि मग त्याला कोणी हात लावत नाही, तसं.

आता सर्व्हरकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की "आठातल्या दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो." बरोबर आहे. दोन डिस्कएवढी जागा राखीव जाते, ९६ पैकी ७२ टीबी वापरायला मिळतात. याला रेड म्हणतात (आयकराची नव्हे). पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, आणि ३,४०,००० चा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. डिस्क मेली तर रेड वाचवते. वीज कोसळली, घरात पाणी शिरलं, चोरी झाली, व्हायरस आला, किंवा रात्री दोन वाजता एडिटिंग करताना तुमच्याच हातून चुकीचं फोल्डर डिलीट झालं, तर आठही डिस्कवरचं एकदमच जातं, कारण त्या एकाच डब्यात आहेत. पत्र्याच्या डब्याऐवजी महागडा डबा, एवढाच फरक.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझं ऑफिस चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्याला होतं. संगणक टेबलावर आणि त्याची बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. लोकांना "सगळे पैसे एका जागी ठेवू नका" असं सांगायची माझी दोन दशकं झाली होती तेव्हा! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर लाकूड फुगून खण उघडेना. पहारीने फोडला. डिस्क गाळात रुतली होती, तिच्यावरचं लेबल बोटाला चिकटून निघालं. संगणक आणि बॅकअप, दोघांच्या मध्ये अंतर होतं दीड फुटाचं.

तुमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वाडीत. पूर नसेल, पण खारी हवा आहे, मेमधला वळवाचा आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर लाईट यायला किती दिवस लागले ते तुम्हाला मी सांगायला नको. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून तुम्ही ड्राय कॅबिनेट घेतलं असणार. डिस्कच्या कनेक्टरलाही तीच हवा लागते, आणि चोवीस तास चालणारी मशीन कॅबिनेटात कोंडून ठेवता येत नाही.

डिस्क किती मरतात? बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे दर वर्षी जाहीर करते. २०२४ साली त्यांच्याकडे शंभर डिस्कमागे दीडपेक्षा थोड्या जास्त डिस्क मेल्या. तोच दर धरला तर आठ डिस्कपैकी निदान एक पाच वर्षांत जाण्याची शक्यता जवळपास निम्मी येते. आणि ते आकडे एसी लावलेल्या डेटा सेंटरमधले आहेत, वाडीतल्या माडीवरचे नव्हेत. डिस्क गेली की नवी लावायची आणि मशीन बाकीच्यांवरून ती पुन्हा भरते. १२ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरली तरी सोळा-सतरा तास. जुलै महिन्यात गुहागरात सलग सतरा तास लाईट राहिल्याचं आठवतं का? यूपीएस तेवढा वेळ खेचत नाही, तो फक्त मशीन नीट बंद करण्यापुरता असतो.

खर्चही ३,४०,००० वर थांबत नाही. अशी मशीन साधारण १०० वॉट खाते, म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. तुमच्या वरच्या टप्प्याचा दर ११ रुपये धरला तर ९,६०० रुपये, पाच वर्षांत ४८ हजार. एक जादा डिस्क २६ हजारांची, यूपीएसच्या बॅटऱ्या आठेक हजारांच्या. बेरीज ४,२२,०००. पाच वर्षांत १७५ लग्नं होतील, म्हणजे प्रत्येक लग्नामागे २,४०० रुपये, कर्जाचं व्याज धरलं तर २,८०० च्या वर. हे पैसे तुम्ही पार्टीकडून घेता का? नाही. शूटिंग, एडिटिंग, अल्बम, पेनड्राइव्ह याचे घेता. वर्षानुवर्षं त्यांचं सामान सांभाळता ते फुकट.

माझ्या मते गोम इथेच आहे. तुम्ही २२ टीबीला संपत्ती समजता आहात. त्यातलं बहुतेक ओझं आहे. लग्नाचं कच्चं फुटेज साधारण ३०० जीबी, आणि तयार फिल्म, निवडलेले फोटो, अल्बमच्या फाईली मिळून ३० जीबी. २०१८ सालच्या वरातीचं कच्चं फुटेज आजवर किती जणांनी परत मागितलं? तुमच्याच पत्रात आहे: दोघांनी, आणि दोघांनाही हवी होती ती तयार फिल्मच, पेनड्राइव्ह हरवला म्हणून.

हा साठा असाच वाढू दिला तर वर्षाला दहा टीबी येणार. ७२ टीबी ऐकायला मोठं वाटतं, पण असे साठे ऐंशी टक्क्यांच्या पुढे भरायचे नसतात. म्हणजे साडेतीन वर्षांत तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. या उलट डिलिव्हरीनंतर तीन महिन्यांनी कच्चं फुटेज काढून टाकलं, तर वर्षाला कायमचं साठतं ते एखादा टीबी, आणि ऐन हंगामातही चालू कामाला आठेक टीबी पुरतात.

त्यासाठी ऑर्डर फॉर्मवर एक ओळ छापा: डिलिव्हरीनंतर ९० दिवसांनी मूळ शूटिंग काढून टाकण्यात येईल, जपून हवं असल्यास वर्षाला १,५०० रुपये, किंवा पार्टीने स्वतःची डिस्क आणून द्यावी. खाली सही. जुन्या पार्ट्यांना व्हॉट्सअॅपवर महिन्याची मुदत द्या. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. लोक ज्या दिवशी हळदीचं शूटिंग गेलं त्या दिवशी म्हणाले, तेवढं पुरे. वर्षाला दहा जणांनी जरी १,५०० भरले तरी १५ हजार झाले.

ड्रोनचं फुटेज मात्र वेगळं काढा. वेळणेश्वर, हेदवी, तुमच्या किनाऱ्याची वेगवेगळ्या ऋतूंतली दृश्यं पुन्हा पुन्हा विकता येतात. ती तुमची, कोणा पार्टीची नव्हेत. ती आणि मुलीचे फोटो, यांतला एकही शॉट डिलीट करायचा नाही.

आता खरेदी. मी सुचवतो ती १६ टीबीच्या चार डिस्क, ३४ हजारांना एक धरू, आणि दोन डिस्क बसतील असा छोटा नॅसचा डबा (म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) २८ हजारांचा, ९ हजारांचा यूपीएस, सुटी डिस्क संगणकाला जोडायला ३ हजारांचा डॉक. सगळं मिळून १,७६,०००, म्हणजे निम्म्याच्या आसपास. दोन डिस्क डब्यात एकमेकींची नक्कल करत राहतील. तिसरी घरात, पण वायरीपासून सुटी. चौथी पुण्याला तुमच्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. अल्बम छापायला महिन्यातून एकदा पुण्याला जाताच, तेव्हा घरातली नेऊन तिथली आणायची. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर, हा नियम लोकप्रिय केला तो पीटर क्रोग या छायाचित्रकारानेच. तुमच्याच धंद्यातला माणूस.

क्लाउडचा विचार करून बघितला. तुमचं अपलोड १०० एमबीपीएस धरलं तरी एक टीबी चढायला बावीस तास, आणि दर वर्षी भाडं. ड्रोनच्या निवडक शॉटपुरता ठेवा, बाकीच्याला नको.

पण हे १,७६,००० आज खर्च करायचे नाहीत. आज मोकळे ४० हजार आहेत, त्यात एक डिस्क आणि डॉक बसतो, ३७ हजार. पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा पत्र्याच्या डब्यातली एकेक डिस्क काढायची, छाटायची आणि नव्यावर उतरवायची. आधी तयार फिल्म आणि ड्रोन, मग यंदाचं कच्चं. जुन्या डिस्क तेवढ्यात फेकू नका. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की महिन्याला लाखभर येतात, घरखर्च जाऊन ६५-७० हजार उरतात. उरलेले १,३९,००० दोन महिन्यांत निघतील. ठेव नाही मोडली, कर्ज नाही काढलं, आणि डिस्क दोन वेगवेगळ्या वेळी घेतल्याने सगळ्या एकाच लॉटच्या येत नाहीत (लॉटमध्ये दोष असला तर तो सगळ्यांत असतो), हा एक फायदा. बिल आणि भारतातली वॉरंटी असलेल्याच घ्या. दुकानात "सीएमआर आहे का" असं स्पष्ट विचारा. सीएमआर आणि एसएमआर या डिस्कवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या निघाल्या आणि बराच गदारोळ झाला. एकीच्या जागी दुसरी भरताना त्या फार रेंगाळतात.

"खरेदी दाखवली तर टॅक्स वाचेल" असं दुकानदार म्हणाला, ते तुमच्या बाबतीत खरं नाही. तुम्ही उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून रिटर्न भरता, त्यात घसारा वेगळा मिळत नाही. हिशेबाची पुस्तकं ठेवली असती तर संगणकावर ४० टक्के घसारा मिळाला असता. जीएसटी नोंदणी नसल्याने डिस्कवरचा १८ टक्के करही तुमच्याच खिशातून जातो.

विम्याबद्दल थोडं. घरासाठीच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर, वादळ, वीज येतं, पण धंद्याचं सामान घराच्या सामानात धरलं जाईल असं गृहीत धरू नका. कॅमेरे, लेन्स, ड्रोन आणि हा डबा मिळून तुमच्याकडे सात-आठ लाखांचा माल असेल, तेव्हा छोट्या उद्योगांच्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीची चौकशी करा. ती डिस्कचे पैसे देईल. आतल्या हळदीचे नाही.

एक न विचारलेली गोष्ट. चार लाख एकाच पतसंस्थेत आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते लागू नाही. मोडू नका, पण मार्चमध्ये पिकली की निदान निम्मी रक्कम बँकेत हलवा, व्याज दीड टक्का कमी मिळालं तरी.

आणि ती टक्-टक् करणारी डिस्क "एकदा बघू चालते का" म्हणून रोज लावून बघत असाल, तर आजपासून बंद करा. दर वेळी आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) तबकडीवर घासू शकतं आणि जे वाचवण्यासारखं आहे तेही जाऊ शकतं. तिच्यात ड्रोनचं काही असेल तरच रिकव्हरीवाल्याकडे पाठवा, आणि दर आधी लिहून घ्या.