शैक्षणिक कर्जाचे बँकेचे कागद जपून ठेवायची गरज आहे का? सगळं तर ॲपवर दिसतं.

ॲपवर दिसतो तो बँकेनं मांडलेला हिशेब. तुम्ही बँकेला काय दिलंत ते तिथे दिसत नाही, आणि भांडण होतं ते नेमकं त्यावरच.

माझ्या धाकट्या बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी बाबांनी कर्ज काढलं होतं. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, म्हणजे केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या वर्षांचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरणार. हप्ते सुरू व्हायच्या वेळी पाहिलं तर ते सगळं व्याज मुद्दलात चढवलेलं! मधे आमची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. नवे मॅनेजर म्हणाले, तुमचा उत्पन्नाचा दाखला फाइलला नाहीच. बाबांनी पिशवीतून दाखल्याची झेरॉक्स काढली. कोपऱ्यात बँकेचा गोल शिक्का, तारीख, निळ्या शाईत आवक क्रमांक आणि घेणाऱ्या बाईंची सही. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा आवाज उतरला. पुढे प्रकरण क्षेत्रीय कार्यालयात गेलं, बरेच महिने लागले, पण ते व्याज खात्यातून वजा झालं.

बाबा पंचायत समितीत आवक-जावक सांभाळायचे. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. आमचे काका कायम म्हणायचे, "दादा, जरा विश्वास ठेव की माणसांवर." अहो, दाखला घेणाऱ्या बाईंची केव्हाच बदली झाली होती. विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तेव्हा मंजुरीपत्र, कराराची प्रत, दर वर्षीचं व्याजाचं प्रमाणपत्र आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच एका फाइलला लावा. कर्ज फिटलं की नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, घ्या, ते कधीच टाकू नका. घराचे मूळ कागद तारण असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. पण काय काय दिलं होतं त्याची सही-शिक्क्याची यादी तुमच्याकडे नसेल तर मागणार काय?

हां, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट (80ई म्हणून ओळखतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी घेतली असेल तर व्याजाचं प्रमाणपत्र करासाठी लागणार नाही. आणि मी सांगितलेली अनुदान योजना देशातल्या शिक्षणापुरतीच आहे.

काकांच्या मुलाचं कर्ज नुकतंच मंजूर झालंय. त्याची फाइल मीच लावून दिली आहे, काका काहीही म्हणोत.