वाचकांचे प्रश्न : पॉइंटवाला व्हिसा आणि आपले कागद

शिक्षण, वय, इंग्रजी आणि अनुभवाचे गुण मोजून कुशल कामगारांना वास्तव्याचा व्हिसा देणाऱ्या देशांबद्दल, मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाबद्दल, वाचकांनी बरंच विचारलं आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. फी आणि व्यवसायांच्या याद्या बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या सरकारचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघाच.

प्रश्न : वय ३२, बी. ई. मेकॅनिकल, अविवाहित. दोन वर्षं गावाजवळच्या जिनिंगमध्ये मेन्टेनन्स पाहिला, तिथे पगार रोख मिळायचा. नंतर तीन वर्षं बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७.५ आहेत. ऑस्ट्रेलियासाठी माझे ७५ गुण होतात आणि अट ६५ची आहे. अर्ज टाकू का? – दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : तुमची बेरीज अशी दिसते : वयाचे ३०, पदवीचे १५, अविवाहित म्हणून १०, पाच वर्षांच्या अनुभवाचे १० आणि इंग्रजीचे १०. आता यातलं काय टिकतं ते पाहू.

इंग्रजीचे १० गुण एकूण बँडवर, म्हणजे चारही भागांच्या सरासरीवर, मिळत नाहीत. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत प्रत्येकी किमान ७ हवेत, आणि २० गुणांसाठी प्रत्येकी ८. सोबत पाठवलेल्या निकालात तुमचं लेखन ६.५ आहे. म्हणजे एकूण ७.५ असूनही इंग्रजीचे गुण शून्य. इथेच ७५चे ६५ झाले.

दुसरी गळती अनुभवाची. भारतातल्या तीन वर्षांना ५, पाच वर्षांना १० आणि आठ वर्षांना १५ गुण असतात. काम गेल्या दहा वर्षांतलं, तुमच्या व्यवसायाशी जुळणारं आणि आठवड्याला किमान २० तास पगारी लागतं. जिनिंग हंगामी धंदा आहे. कापूस संपल्यावर मशीन बंद आणि पगारही बंद, असं असेल तर ते महिने मोजणीतून जातात. दोन वर्षं सांगताना प्रत्यक्षात चौदा-पंधरा महिनेच भरत असतील, तर पाच वर्षांची अट मोडते आणि १०चे ५ होतात. मग बेरीज ६० येते. ६५च्या खाली ईओआय, म्हणजे अर्जाआधी इच्छा कळवणारी नोंद, चालतच नाही.

बारमाही पगार असेल तर तो सिद्ध करायच्या मागे लागा. ‘यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ हा दोन ओळींचा दाखला उपयोगाचा नाही. लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, रोज काय काम होतं हे सगळं आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा-फोन हवा. फोन असा द्या की जो उचलला जातो. पडताळणीचा फोन हंगाम संपल्यावर आला आणि ऑफिसात चौकीदाराशिवाय कोणी नसलं तर पंचाईत होते. पत्राच्या जोडीला पैशाचा पुरावा लागतो : बँकेतल्या नोंदी, आयकर विवरण, पीएफ. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला पीएफ लागू असतो. तुमचा यूएएन (पीएफचा क्रमांक) टाकून पासबुक बघा, कपात झालेली असते आणि कामगाराला पत्ताच नसतो असंही होतं. काहीच नसेल तर मुनीमाकडून आज मागच्या तारखेच्या पगारपावत्या फाडून घेऊ नका. खोटा कागद सापडला तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची तीन वर्षं व्हिसा मिळत नाही. त्यापेक्षा ते ५ गुण सोडलेले परवडतात.

ईओआयच्या आधी स्किल असेसमेंट, म्हणजे पदवी आणि काम त्या व्यवसायाला जुळतं का याची तपासणी, लागतं. तुमच्यासाठी ते इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था करते. भारत २०१४पासून एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा सदस्य आहे, पण त्याचा फायदा एनबीए या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या टियर-१ यादीतल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. आपल्या भागातली बहुतेक संलग्न कॉलेजं त्यात बसत नाहीत, म्हणून तुम्हाला सीडीआर, म्हणजे तुमची कुवत दाखवणारा अहवाल, लिहावा लागेल. त्यात तुम्ही केलेल्या कामाचे तीन वृत्तांत असतात, प्रत्येकी १००० ते २५०० शब्दांचे. इथे बहुतेक जण ‘टीमने केलं’ असं लिहून बसतात. तपासणाऱ्याला तुम्ही काय केलं ते हवं असतं. जिनिंगच्या डबल रोलर मशीनवरचा चामड्याचा रोलर लवकर झिजत होता, तर कारण कसं शोधलं, पातं आणि रोलर यांच्यातलं काय मोजलं, कोणता बदल केला, त्यानंतर रोलर किती टिकला, असं लिहा. जिनिंगचा अनुभव गुणांत कमी पडला तरी इथे उत्तम कामाला येतो. विकत मिळणारे तयार सीडीआर घेऊ नका. मजकूर संगणकावर ताडून पाहतात आणि नक्कल निघाली तर अर्ज नाकारून काही काळ बंदी घालतात. अनुभवाची तपासणी त्याच संस्थेकडून वेगळी फी भरून करून घेता येते, ती करून घ्या.

राहिलं वय. तेहेतिसाव्या वाढदिवसाला ३०चे २५ होतात, आणि मोजणी ईओआय टाकल्याच्या नव्हे, निमंत्रणाच्या (‘आता व्हिसाचा अर्ज करा’ या बोलावण्याच्या) तारखेला होते. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी लेखनाची तयारी आणि परीक्षा, त्याच काळात सीडीआर, मग ईओआय. ६५ हा फक्त उंबरठा आहे, निमंत्रण जास्त गुणवाल्यांना आधी जातं. म्हणून १८९ या शिफारशीशिवायच्या व्हिसासोबत १९० आणि ४९१ हेही व्हिसाचे प्रकार बघा. १९०मध्ये तिथल्या राज्याच्या शिफारशीचे ५ गुण वाढतात, ४९१मध्ये १५. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, त्यावर मोठ्या महानगरांबाहेरच्या ठरवून दिलेल्या भागात राहावं लागतं आणि तीन वर्षांनंतर अटी पूर्ण करून १९१ या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो.

एक बारीक खोच. ईओआयमध्ये चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली की प्रणाली अनुभव आपोआप वाढवत राहते. तुम्ही नोकरी सोडली आणि तारीख भरायला विसरलात, तर न केलेल्या कामाचे गुण चढतात आणि त्या गुणांवर निमंत्रण येतं. निमंत्रण आल्यावर ईओआय दुरुस्त करता येत नाही. पुढे ६० दिवसांत अर्ज आणि फी भरायची असते, जी एका माणसाला पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जाते. दाखवलेले गुण सिद्ध झाले नाहीत तर व्हिसा नाकारतात आणि ती फी परत येत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियासाठी ईओआय टाकला आहे, अविवाहित म्हणून १० गुण धरले आहेत. आता लग्न ठरलं आहे. काय करू? – मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : साखरपुड्याने काही बदलत नाही. लग्न लागलं की मात्र लगेच ईओआय बदला, कारण ते १० गुण गेले. नवऱ्याचं किंवा बायकोचं इंग्रजी चारही भागांत ६ असेल तर ५ मिळतात. पूर्ण १० हवे असतील तर जोडीदार ४५च्या आतला, तुमच्या व्यवसायाच्याच यादीत बसणाऱ्या व्यवसायाचा, स्किल असेसमेंट झालेला आणि तेवढं इंग्रजी असलेला हवा. पाहुणे मंडळींत परीक्षेचा विषय अवघड वाटतो हे मान्य, पण सोयरीक ठरतानाच बोलून घेतलेलं बरं.

प्रश्न : वय २९, बी. टेक., सॉफ्टवेअर टेस्टिंगचा चार वर्षांचा अनुभव, अविवाहित. कॅनडासाठी ६७ गुण लागतात आणि माझे ६६ भरतात. आयईएलटीएस जनरल : ऐकणं ७.५, बाकी तिन्ही ६.५. – तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : हिशेब बरोबर आहे. वय १२, पदवी २१, अनुभव १३, भाषा २०. भाषेत प्रत्येक भाग वेगळा मोजतात, म्हणून एकाच भागात अर्धा बँड वाढला तरी ६७ होतात. पण ६७ने फक्त एक्स्प्रेस एन्ट्री या कॅनडाच्या ऑनलाइन निवड-यादीच्या रांगेत उभं राहता येतं. निमंत्रण ठरतं ते १२००पैकी असलेल्या सीआरएस या वेगळ्या क्रमवारीच्या गुणांवर.

तुमची खरी संधी तिथेच आहे. आज तुमची पातळी सीएलबी (कॅनडाचं भाषेचं मोजमाप) ८ आहे. ऐकण्यात ८ आणि बाकी तिघांत ७ आणले की सीएलबी ९ होते. म्हणजे चारही भागांत फक्त अर्धा-अर्धा बँड. त्याने अविवाहित उमेदवाराचे भाषेचे प्रत्येक भागात २३चे ३१ होतात, म्हणजे ३२ वाढले. भाषा आणि पदवी यांच्या जोडगुणांत १३चे २५ होतात. भाषा आणि परदेशी अनुभव यांच्या जोडगुणांत २५चे ५० होतात (तुमचा भारतातला अनुभव त्यांच्या लेखी परदेशी). सगळं मिळून ६९ गुण. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने एवढे गुण इतक्या कमी खर्चात मिळत नाहीत. नोकरीच्या ऑफरचे सीआरएस गुण २५ मार्च २०२५पासून बंद झाले आहेत, तेव्हा ‘ऑफर लेटर काढून देतो, गुण वाढतील’ म्हणणाऱ्याला वाटेला लावा. तिशी लागली की वयाचे गुण दरवर्षी पाच-सहाने उतरू लागतात, म्हणून परीक्षा लांबवू नका. निकाल कॅनडासाठी दोनच वर्षं चालतो.

प्रश्न : बी. एस्सी.च्या वेळी आमचं कॉलेज नागपूर विद्यापीठाकडे होतं, एम. एस्सी.च्या वेळी गोंडवाना विद्यापीठाकडे. मार्कशीटवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाला ‘राव’ जोडलेलं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे. कॅनडाच्या ईसीएसाठी, म्हणजे पदवीच्या पडताळणीसाठी, अडचण येईल का? – चामोर्शी, जि. गडचिरोली

उत्तर : गोंडवाना विद्यापीठ २०११मध्ये झालं, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बऱ्याच जणांच्या दोन पदव्या दोन विद्यापीठांच्या आहेत. पदवीवर ज्याचं नाव, ट्रान्स्क्रिप्ट त्याच्याकडूनच. कॉलेजच्या प्राचार्यांचा शिक्का चालत नाही. डब्ल्यूईएस या ईसीए करणाऱ्या संस्थेकडे अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक आणि फॉर्म विद्यापीठाला द्यायचा, मग परीक्षा विभाग साक्षांकित गुणपत्रिका बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून पाठवतो. ते पाकीट तुमच्या हाती आलं आणि तुम्ही ‘बघू तरी’ म्हणून फोडलं की कागद बाद.

आडनाव आधी असल्याने सहसा काही अडत नाही. ‘राव’साठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी दाखला लागतो, तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद सोबत लावा. आणि जन्मतारीख तपासाच. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली आणि ग्रामपंचायतीत वेगळीच, असे नमुने आपल्याकडे घरोघरी आहेत. पासपोर्ट, दहावीचा दाखला आणि जन्मदाखला यांत फरक असेल तर तो अर्जाआधी मिटवा. अर्ज चालू असताना जन्मतारीख बदलली की ओळखीवरच शंका घेतली जाते.

प्रश्न : मुलाला कॅनडाला जायचं आहे. आमची सहा एकर शेती आहे, सातबारा दाखवून चालेल का? नागपूरचा एजंट चार लाखांत गॅरंटी देतो म्हणतो. – आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सातबारा चालत नाही. जमीन, घर, सोनं यांपैकी काहीच दाखवायच्या पैशात धरत नाहीत. फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या प्रकारात कॅनडात नोकरी नसलेल्या उमेदवाराला हाताशी असलेला पैसा दाखवावा लागतो, एकट्याला साधारण १५ हजार कॅनेडियन डॉलर. ही रक्कम दरवर्षी बदलते. कर्जाचा पैसा चालत नाही. बँकेच्या इंग्रजी पत्रावर खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि असलेलं कर्ज हे सगळं लागतं. म्हणून अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून पैसे गोळा करून टाकले तर ते लगेच दिसतं. तुम्ही पैसे देणार असाल तर मुलाच्या नावावर आधीच टाका, बक्षीसपत्र करा आणि पैसा आला कुठून तेही दाखवा : कापसाची बाजार समितीची हिशेबपट्टी, तुमचं पासबुक, जमीन विकली असेल तर खरेदीखत. शेती विकायची घाई मात्र करू नका. निमंत्रण यायच्या आत विकलेली जमीन परत मिळत नाही.

गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, कारण निमंत्रणाचा आकडा एजंटच्या हातात नसतो. कॅनडासाठी सल्लागार सीआयसीसी या तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सदस्य हवा, ऑस्ट्रेलियासाठी त्याच्याकडे सात आकडी एमएआरएन हा नोंदणी क्रमांक हवा. दोन्ही क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतात. ऑफिस नागपुरात आणि ‘परवाना आमच्या दिल्लीच्या सरांकडे’ असं उत्तर आलं तर त्या सरांची सही करारावर मागा. अर्जाचं ऑनलाइन खातं मुलाच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड मुलाकडेच ठेवा. अर्जात खोटं भरलं तर पाच वर्षांची बंदी मुलाला लागते, एजंटला नाही.

प्रश्न : पोलीस दाखला एसपी ऑफिसमधून घेऊ का? – मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागतं, अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, देशाचं नाव नमूद करून. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात असेल तर सध्याचा पत्ता भरा. नाहीतर गावच्या ठाण्याचा शिपाई घरी येऊन ‘इथे राहत नाही’ असा शेरा मारून जातो आणि प्रकरण अडकतं.