काउंटी जज होण्यासाठी कायद्याची पदवी हवी का?

सप्रेम नमस्कार.

टेक्ससमधील ह्यूस्टनजवळ अकरावीत शिकणारी, अमेरिकेतच जन्मलेली आपली कन्या काउंटी जज होण्याचे ठरवून बसली आहे (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग). त्यासाठी तिने कायदा शिकावा का आणि हे पद आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे असते का, असे आपण पत्रात विचारले आहे.

आधी दुसरा प्रश्न घेतो. जिल्हाधिकारी हा शासनाने नेमलेला अधिकारी असून महसुलापासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत बरेच अधिकार त्याच्याकडे एकवटलेले असतात. टेक्ससच्या १८७६ च्या राज्यघटनेत मात्र काउंटीची सत्ता अनेकांत वाटलेली आहे. तुरुंग व कायदा-सुव्यवस्था शेरीफकडे, जमिनीचे दस्त व विवाह-परवाने काउंटी क्लार्ककडे, तर मालमत्ता कराची वसुली व वाहननोंदणी टॅक्स असेसर-कलेक्टरकडे असते. (घराचे मूल्यांकन अप्रेझल डिस्ट्रिक्ट ही वेगळी संस्था करते, पदनामामुळे बोल मात्र असेसरला लागतो.) हे सारे मतदारांनी थेट निवडलेले असल्याने काउंटी जज त्यांना नेमूही शकत नाही आणि काढूही शकत नाही.

मग त्याच्या हाती उरते काय? कमिशनर्स कोर्ट नावाच्या मंडळाचे अध्यक्षपद. नावात कोर्ट असले तरी ते काउंटीचा कारभार चालवणारे मंडळ आहे. त्यात चार प्रभागांतून आलेले चार कमिशनर आणि काउंटी जज अशी पाच मते असतात व अध्यक्षाचे मतही एकच धरले जाते. खरी ताकद अंदाजपत्रकात आहे. शेरीफ स्वतंत्र असला तरी त्याच्या खात्यातील पदे आणि पगार यांसाठी त्याला याच मंडळापुढे यावे लागते. शिवाय चक्रीवादळासारख्या संकटात लोकांना घरे सोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार काउंटी जजला असतो.

आता कायद्याच्या पदवीविषयी. राज्यघटनेत या पदासाठी राज्याच्या कायद्याची चांगली जाण एवढीच अपेक्षा आहे, वकिलीची अट नाही. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीची धुरा सांभाळणारे एड एमेट हे लोकप्रशासन शिकलेले होते, आणि २०१८ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी त्यांचा पराभव करणाऱ्या लीना हिदाल्गो याही वकील नव्हत्या. लहान काउंट्यांत जजला काही खटलेही चालवावे लागत असल्याने तेथे कायद्याचे शिक्षण उपयोगी पडते. परंतु आपल्या कन्येला खटल्यांचीच ओढ असेल, तर डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचे, म्हणजे फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलाचे, पद अधिक योग्य ठरेल, आणि त्यासाठी वकील असणे अनिवार्य आहे. रस्ते, पूरनियंत्रण, पैशाचा हिशेब यांत मन रमत असेल, तर लोकप्रशासन, स्थापत्य अभियांत्रिकी किंवा लेखाशास्त्र निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदवीचा निर्णय आजच करण्याची घाई नाही. टेक्ससमध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिक विद्यार्थ्यांना पालकांच्या व मुख्याध्यापकांच्या संमतीने मतदान केंद्रावर विद्यार्थी-क्लार्क म्हणून काम करता येते. तो अनुभव तिने अवश्य घ्यावा. तसेच कमिशनर्स कोर्टाच्या सभा सर्वांसाठी खुल्या असतात. अंदाजपत्रकावरील एखाद्या सभेला आपण दोघींनी शेवटपर्यंत बसावे आणि तिने कोणत्या विषयावर टिपणे काढली, ते मला कळवावे.