आधी खा

प्रिय लेकी,

सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. रात्रपाळी, आईचं आजारपण, शनिवारी नाताळच्या गाण्यांचा सराव, रविवारी मुलांच्या शब्बाथ शाळेचा वर्ग, आणि शेवटी ते वाक्य: "प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळा लागतो, मावशी. माझा विश्वास आटत चाललाय का?" त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

नाही गं. तू दमली आहेस. दमणं वेगळं आणि विश्वास आटणं वेगळं, हे मलाही फार उशिरा कळलं.

मला नोकरीला लागून नऊ-दहा वर्षं झाली असतील. दोघी रजेवर, म्हणून सलग रात्रपाळ्या चालल्या होत्या. एका पहाटे मी सिरिंज भरली ती भलत्याच पेशंटच्या औषधाने. शेजारच्या सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडत बसले. देवाला म्हटलं, मला हे झेपत नाही, दुसरं कोणीतरी बघ. मागोमाग आमच्या वॉर्डातल्या आयाबाई आल्या. चादरींच्या गठ्ठ्यावर त्यांनी आपला डबा उघडला. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कांद्याची फोड. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "आधी खा. देवाशी मग बोल."

पुढे कधीतरी बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचताना ती भाकरी आठवली आणि मी पुढचं वाचूच शकले नाही. एलीया संदेष्टा आठवतो ना तुला? कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच माणूस लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो. चाकराला बैर-शेब्यात मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात शिरतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. पुरे झालं, म्हणतो. आणि तिथेच झोपतो.

देव त्याला रागावत नाही, त्याच्या विश्वासाची चौकशी करत नाही. देवदूत येतो, हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो! तरी कोणी काही म्हणत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला उठवतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालून देवाच्या डोंगराला, होरेबाला पोहोचतो. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देव तिथे विचारतो. झोप आणि भाकर आधी, प्रश्न नंतर. देवाची मंद वाणी ऐकू आली तीही त्यानंतरच.

म्हणून पहिलं सांगणं: पाळी संपली की झोप. गुडघ्यांवर पेंगत अर्धा तास काढण्यापेक्षा अंथरुणावर पडून "प्रभू, मी दमले, तू जागा आहेस" एवढं म्हण आणि डोळे मीट. तीही प्रार्थनाच आहे. वादळात होडीत उशी घेऊन झोपलेला आपला प्रभू येशू तिला कमी लेखणार नाही. आणि झोप मिळूनही आठवडेच्या आठवडे मन उठत नसेल, अन्न गोड लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. पेशंटला तू हेच सांगतेस ना?

आता एकटेपणाचं. "फक्त मीच उरलो आहे," हे एलीया होरेबाला दोनदा म्हणतो, जवळजवळ त्याच शब्दांत. थकलेलं मन तेच तेच घोळवत राहतं. देव त्याला सांगतो की इस्राएलात ७००० जण आहेत, ज्यांनी बआल या परक्या दैवतापुढे गुडघे टेकलेले नाहीत. शिवाय अलीशाचं नाव देतो, त्याची जागा पुढे चालवायला. तुझ्या पत्रात मला अलीशा कुठेच दिसला नाही. वर्ग तू घेणार, पेटी तू वाजवणार, आईजवळ तूच बसणार. पाळकांना भेट आणि ईस्टरपर्यंत वर्ग दुसऱ्या कोणाला द्या म्हणून स्पष्ट सांग. मुलं काही बिघडत नाहीत. आईजवळ आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायला महिला मंडळातली कोणी ना कोणी येईल, पण ते मागावं लागतं. मागायची लाज मीही फार वर्षं बाळगली. त्यात माझं नुकसानच झालं.

परमेश्वराची वाट पाहणारे गरुडासारखे पंखांनी वर उडतील, हे यशया ४०:३१ आपल्याकडे घरोघरी कॅलेंडरवर असतं, गरुडाच्या चित्रासकट. त्याच्या आधीचं वचन कोणी छापत नाही. त्यात म्हटलंय की तरुणसुद्धा थकतात, भरज्वानीतलेही ठेचाळतात. तुझ्या वयाचं नाव घेऊन शास्त्राने हे लिहून ठेवलंय, लेकी. नवी शक्ती मिळते ती परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना, आणि वाट बसूनही पाहता येते.

येत्या रविवारी उपासना झाली की थेट माझ्याकडे ये. शास्त्र आणलंस तरी चालेल, नाही आणलंस तरी. झुणका करते, भाकरी तू आल्यावर टाकीन. जेवून माजघरात निवांत झोप. संध्याकाळी चहाला उठवीन, मग बोलू.

तुझी,
मावशी