गुलाबाला एवढ्या पाकळ्या येतात कुठून?

प्रश्न: रानगुलाबाला पाचच पाकळ्या असतात, मग बागेतल्या गुलाबाला एवढ्या कशा? खतामुळे का?

उत्तर: नाही हो, खताने फूल टपोरं होईल, पण पाकळ्यांची ही गर्दी जीन्समुळे, म्हणजे जनुकांमुळे. फुलात बाहेरून आत चार घेर असतात, निदलं (कळीला झाकणारी बाहेरची हिरवी दलं), पाकळ्या, पुंकेसर आणि मधे स्त्रीकेसर, आणि कुठल्या घेरात काय बनायचं ते ए, बी, सी अशा तीन गटांतले जीन्स ठरवतात. एकटा ए असला की निदल, ए-बी मिळून पाकळी, बी-सी मिळून पुंकेसर, एकटा सी असला की स्त्रीकेसर. कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे मांडलं, मला तर फार सुंदर वाटतं हे, एवढ्या साध्या हिशोबात अख्खं फूल बसतं! आता डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात काय होतं, तर सी जीनचं काम अगदी मधल्या भागापुरतं आक्रसतं, सी हटला की तिथे ए येतो, आणि ए-बी मिळून पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच बनत जातात. एक फूल सोडवून बघाच, आत अर्धी पाकळी अर्धा पुंकेसर असंही काहीतरी सापडू शकतं. कुठे कुठला अवयव बनायचा हे ठरवणारे असे जीन्स प्राण्यांतही आहेत, फळमाशीत अँटेनापीडिया नावाचा जीन डोक्यात नको तिथे चालू झाला की मिशीच्या जागी चक्क पाय उगवतो.