पोहता येत नाही, तरी ग्रँड कॅन्यनमधली चौदा दिवसांची राफ्टिंग सफर झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ५३ आहे, मुलगी अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला असते आणि ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवरची चौदा दिवसांची सफर दोघींनी करावी असा तिचा आग्रह आहे. कोलाडला कुंडलिकेत तुम्ही एकदा राफ्टिंग केलंय, पोहता मात्र येत नाही. मी ही सफर ५१व्या वर्षी केली. तेव्हा मला तलावाची एक रुंदी जेमतेम पार करता यायची. म्हणून सविस्तर लिहिते.

झेपेल. अनेक कंपन्या पोहता न येणाऱ्यांना घेतात. लाइफ जॅकेट सक्तीचं असतं आणि त्या पाण्यात ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा जॅकेटच्याच भरवशावर असतो. तिथे पोहण्यापेक्षा जास्त कामाचं आहे ते नाकातोंडात पाणी गेल्यावर न घाबरणं. तेवढं शिकून जा. मी निघण्याआधी तीन महिने पुण्यात तलावावर जात होते. कमरेएवढ्या पाण्यात डोकं बुडवायचं, श्वास सोडायचा, वर यायचं, पुन्हा बुडवायचं, बस्स. शिकवणाऱ्या बाईंना आधी हे विचित्र वाटलं, पण त्याचाच मला उपयोग झाला.

कारण मी पडले. ९५व्या मैलावर हर्मिट नावाचा रॅपिड, म्हणजे नदीचा खळाळत्या, वेगवान पाण्याचा टप्पा आहे. (तिथे सगळी अंतरं लीज फेरी या सुरुवातीच्या घाटापासून मैलांत मोजतात.) एकामागोमाग एक उंच लाटा येतात. त्यातल्या एकीने राफ्टचं तोंड आभाळाकडे केलं आणि पुढच्या बाकावरची मी बाहेर फेकले गेले. गार पाण्याने छातीतला श्वास असा खेचला की तोंड आपोआप उघडलं. हाच धोक्याचा क्षण. पहिल्याच दिवशी गाईडने घोकून घेतलं होतं: पाठीवर राहा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, लाटेच्या माथ्यावर तोंड मिटा, खळग्यात आलात की श्वास घ्या. मी दोन लाटा तसं केलं, तिसऱ्या लाटेनंतर राफ्टच्या कडेचा दोर हाताला लागला आणि गाईडने जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून मला आत ओढलं. हे सगळं अर्ध्या मिनिटात झालं. अंगाची थरथर मात्र पुढे तासभर थांबली नाही.

वाळवंटातल्या नदीचं पाणी इतकं गार कसं, असं तुम्हालाही वाटेल. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासून तिथे पाणी अडवलं जातंय. सरोवराच्या खोलातलं पाणी टर्बाइनमधून खाली सोडतात. सुरुवातीला ते साधारण दहा अंशांचं असतं, सरोवर आटलेल्या वर्षी जरा उबदार. तुम्ही कोलाडला गेला होतात तेव्हा आठवत असेल, सकाळी वरून पाणी सुटल्याशिवाय राफ्ट निघत नाहीत. इथेही विजेच्या मागणीप्रमाणे नदी दिवसातून चढते आणि उतरते, समुद्राची भरती-ओहोटी असावी तशी. एका पहाटे आमच्या दोन राफ्ट पाण्यापासून पाच-सहा हात लांब वाळूत बसलेल्या दिसल्या. सगळ्यांनी मिळून ढकलल्या, तेव्हा कुठे निघालो.

गारठा पाण्यात, आणि डोक्यावर आग. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि दिवसभर तापलेले कातळ रात्री ती धग परत देत राहतात. मी जुनी सुती साडी नेली होती. ती नदीत भिजवून अंगावर घेतली की झोप लागायची, सुकली की पुन्हा भिजवायची. नेण्याच्या यादीत ही सगळ्यात वर लिहा. तिच्यापाठोपाठ खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. कोरडी हवा, वाळू आणि सतत ओलं राहणं यामुळे चौथ्या दिवसापासून टाचा आणि बोटांची टोकं फाटतात. माझ्या पाहण्यात लोकांना रॅपिडपेक्षा याचाच त्रास जास्त झाला. रोज रात्री पाय धुऊन, तेल लावून मोजे घालायचे. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय आत घालायचा नाही, तिथे विंचू आहेत.

आता बायका सहसा विचारत नाहीत तो प्रश्न. लघवी नदीतच करायची, वाळूवर नाही, असा नियम आहे. पाऊस इतका कमी की वाळूवरचं धुऊन जात नाही, आणि दरवर्षी हजारो माणसं त्याच मोजक्या पुळणींवर मुक्काम करतात. दोन दिवसांत संकोच जातो, पण सैल परकर किंवा स्कर्ट जवळ ठेवा. शौचासाठी मुक्कामापासून लांब, आडोशाला एक डबा मांडतात. सगळा मैला घट्ट झाकून राफ्टवरूनच बाहेर आणायचा असतो. पूर्वी दारूगोळ्याच्या लोखंडी डब्यांवर थेट बसावं लागे, मांड्यांवर त्यांच्या कडांचे वळ उठत, म्हणून त्याला अजूनही ‘ग्रूव्हर’ म्हणतात (इंग्रजीत ‘ग्रूव्ह’ म्हणजे खाच). आता बसायला नीट सीट असते. पिण्याचं पाणी नदीचंच, गाळून आणि शुद्ध करून. बाजूच्या ओढ्यांना पूर आला की नदी चहासारखी लाल होते, तेव्हा गाईड बादलीत चक्क तुरटी फिरवतात.

रॅपिडबद्दल मुद्दाम उशिरा लिहितेय. मी त्यांच्याच भीतीने गेले होते, आणि दिवसातला फार थोडा वेळ त्यांच्यात जातो. नदीचा जवळजवळ निम्मा उतार एकूण लांबीच्या दहाव्या हिश्शात उरकतो, बाकी पाणी संथ. रॅपिड होतात कसे तेही पाहण्यासारखं आहे. आडव्या घळीतून ढगफुटीचा लोंढा येतो, घराएवढे धोंडे मुख्य नदीत आणून टाकतो, पात्र आवळलं जातं आणि पाणी त्यातून वाट काढतं. क्रिस्टल हा आजचा भयंकर रॅपिड १९६६च्या डिसेंबरमधल्या अशाच एका लोंढ्याने झालाय. १७९व्या मैलावर लाव्हा फॉल्स आहे. तिथे गाईड राफ्ट बांधून वर कातळावर चढतात आणि बराच वेळ नुसतं पाणी बघत उभे राहतात. आमच्या गाईडला विचारलं तर म्हणाली, पृष्ठभागावर बुडबुड्यांची एक रेघ धरून आत शिरायचंय, ती सापडेपर्यंत निघायचं नाही. आत शिरल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत सगळं संपलं.

तिथल्या काठावर मला भरून आलं ते वेगळ्याच कारणाने. दोन्ही बाजूंना काळाकुळकुळीत बसाल्ट, काही ठिकाणी खांबांसारखा उभा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला लाव्हा त्यामानाने अगदी कालचा, दहा लाख वर्षांच्या आतला. आणि त्याच दरीच्या तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा जो काळपट, चमकणारा खडक आहे त्याचं नाव ‘विष्णू शिस्ट’. त्याचे सोबती ब्रह्मा आणि रामा. क्लेरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली, त्यातलं विष्णूचं नाव पुढे खडकालाही लागलं. १२०व्या मैलावर ब्लॅकटेल नावाची अरुंद घळ आहे. आत या जुन्या खडकावर थेट वाळूचा दगड बसलाय, तो साधारण पन्नास कोटी वर्षांचा. मधल्या शंभर कोटींहून जास्त वर्षांचा काही मागमूसच नाही. मी अंगठा खालच्या खडकावर टेकवला आणि करंगळी वरच्यावर. कोणी बोलत नव्हतं. पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा येत होता.

म्हणून माझं म्हणणं, गेलात तर पूर्ण जा. अर्धी सफरही मिळते, ८८व्या मैलावर दरीच्या तळाशी फँटम रँच नावाचं मुक्कामाचं ठिकाण आहे, तिथे उतरून चालत वर यायचं. पण ती चढण पंधरा-सोळा किलोमीटरची आणि तेराशे मीटरहून उंच आहे, उन्हात ती रॅपिडपेक्षा कठीण. शिवाय ब्लॅकटेल आणि लाव्हा फॉल्स दोन्ही त्याच्या खाली. आम्ही २२६व्या मैलावर डायमंड क्रीकला उतरलो. मोटरच्या मोठ्या राफ्टवर हेच आठवडाभरात होतं, पण इंजिनाच्या आवाजात नदी ऐकू येत नाही. वल्ह्यांची राफ्ट घ्या, वल्हवणारा गाईड असेल अशी. प्रवाशांनी स्वतः वल्ही मारायची छोटी राफ्ट सोबत असते, तिच्यात फक्त संथ पाण्याच्या दिवशी बसा.

तारीख १५ सप्टेंबरनंतरची मिळते का ते मुलीला बघायला सांगा. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत मोटरबोटींना बंदी असते, आणि जुलै-ऑगस्टचा पाऊसही ओसरलेला असतो (ॲरिझोनातही त्याला मॉन्सूनच म्हणतात). जागा वर्षभर आधी भरतात. आत फोन लागत नाही, गाईडजवळ सॅटेलाइट फोन असतो आणि गरज पडली तर हेलिकॉप्टर येतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून बीपी, साखर, गुडघे, जे काही असेल ते नोंदणीच्या फॉर्मवर खरं लिहा. पोहण्याच्या रकान्यात ‘येत नाही’ असंच लिहा, म्हणजे पहिल्या दिवशी गाईड तुम्हाला स्वतःजवळच्या बाकावर बसवेल.